तुकडी, हजेरीपट आणि वर्गशिक्षक

माध्यमिक शाळेच्या अंतर्गत रचनेचा विचार होऊ लागला म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षा व अध्यापनपद्धती ह्यांची चर्चा विपुल होते. तुकडी आणि तिचा वर्गशिक्षक ह्यांच्याकडे त्या मानाने फारच थोडे लक्ष जाते. तुकडी ही मुलांना खोल्यांतून बसविण्याची सोय, आणि त्या खोलीचा हजेरीपट ज्याच्या स्वाधीन केला जातो तो वर्गशिक्षक, एवढ्यावर हा विषय बहुधा आटोपला जातो. वस्तुतः पाचवीत किंवा आठवीत शाळेत आलेल्या मुलाचे दहावीपर्यंतचे शालेय आयुष्य ज्या एका गटात जाते तो गट म्हणजे तुकडी होय. आणि त्या मुलाविषयी शाळेतर्फे बोलण्याची जबाबदारी ज्या एका व्यक्तीवर असते ती व्यक्ती म्हणजे वर्गशिक्षक होय. विषयशिक्षक त्यास विषयापुरते ओळखतो, मुख्याध्यापक तक्रारीपुरते, आणि लेखनिक फी व दाखल्यापुरते. संबंध मुलाला ओळखण्याचे काम कोणाचे, ह्या प्रश्नाला शाळेच्या वेळापत्रकात उत्तर सापडत नाही.

हाच प्रश्न अमेरिकेतील माध्यमिक शाळांपुढे विसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिला, परंतु अगदी उलट दिशेने. तेथील हायस्कुले जसजशी मोठी होत गेली व विषय निवडण्याची मोकळीक वाढली, तसतसा प्रत्येक विद्यार्थी दर तासाला निराळ्या खोलीत, निराळ्या सोबत्यांत बसू लागला. त्याला स्वतःचा असा गटच उरला नाही. म्हणून 'होमरूम' ह्या नावाने एक गट मुद्दाम निर्माण करावा लागला. दिवसातील ठराविक वेळी ठराविक मुले एका शिक्षकापाशी जमत, आणि हजेरी, सूचना, चर्चा व वैयक्तिक सल्ला ही कामे तेथे होत. हॅरी मॅकाउन ह्यांनी १९३४ साली ह्या एकाच विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, ह्यावरून त्या प्रयोगाकडे किती गांभीर्याने पाहिले जात होते हे दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी प्रशासनाच्या काळात ही कल्पना जपानच्या उच्च माध्यमिक शाळांत गेली आणि तेथे ती अधिक घट्ट रुजली. वर्गाची जबाबदारी एका शिक्षकाकडे देण्याची प्रथा जपानात पूर्वीपासूनच होती. तिला आता वेळापत्रकात आठवड्याची एक तासिका मिळाली.

आपल्या शाळांत मुले जागची हलत नाहीत; शिक्षक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात. गट आयताच हाती असल्यामुळे त्याला काही काम नेमून द्यावयाचे असते, ह्याचा विचार करण्याची निकड कधी भासली नाही. अमेरिकेने गट नसताना त्याचे कार्य ठरविले; आपल्याकडे गट आहे, त्याचे कार्य तेवढे ठरावयाचे राहिले. हा भेद काय परिणाम घडवितो हे पाहावयाचे असेल तर एखाद्या मध्यम आकाराच्या गावातील शाळा डोळ्यांसमोर ठेवणे बरे. मोठ्या शहरात मुलाची चौकशी करणारी इतर माणसे व संस्था असतात, आणि अगदी लहान खेड्यात सर्वांना सर्वांची माहिती असते. मध्यम गावात ह्यांपैकी कोणतीही गोष्ट पुरेशी नसते.

जळगाव जिल्ह्याच्या भुसावळ तालुक्यातील वरणगाव हे अशा गावांचे चांगले उदाहरण आहे. भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग व धुळे–नागपूर राष्ट्रीय महामार्ग ह्या गावावरून जातात. तापीवरील हतनूर धरण जवळच आहे. १९६४ साली येथे केंद्र शासनाचा आयुध निर्माणी कारखाना स्थापन झाला आणि गावाच्या लोकवस्तीत एक नवा थर मिसळला. ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड ह्या शासकीय कंपनीच्या कक्षेत आला असला तरी वसाहतीचे आणि गावाचे नाते पूर्वीसारखेच आहे. परिणामतः येथील शाळेच्या एकाच तुकडीत घरी लेवा बोली बोलणारा शेतकऱ्याचा मुलगा, अहिराणी बोलणारी मुलगी, बदलीवर आलेल्या कामगाराचा हिंदीभाषक मुलगा आणि फुलगाव किंवा तळवेलसारख्या आसपासच्या खेड्यातून एस. टी. ने येणारी मुले एकत्र बसलेली आढळू शकतात. वर्गात सर्वांची भाषा पाठ्यपुस्तकाची. परंतु मूल अडचण सांगू लागते ते घरच्या बोलीत. ती बोली समजणारा वर्गशिक्षक व न समजणारा वर्गशिक्षक ह्यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या माहितीत फार मोठे अंतर पडते.

वरणगावच्या आयुध निर्माणी वसाहतीत केंद्रीय विद्यालयही आहे, आणि त्यामुळे दोन पद्धतींची तुलना एकाच गावात करता येते. १९६३ पासून सुरू झालेल्या केंद्रीय विद्यालयांत मुलांची विभागणी दुहेरी असते. तुकडी व तिचा वर्गशिक्षक असतोच. शिवाय शिवाजी, टागोर, अशोक, रमण अशा नावांची कुले असतात व प्रत्येक कुलात निरनिराळ्या इयत्तांची मुले येतात. तुकडी आडवी, कुल उभे. आठवीतील मुलाला आपल्याच कुलातील अकरावीच्या विद्यार्थ्याशी बोलण्याचे निमित्त त्यामुळे मिळते. ही पद्धती इंग्लंडमधील निवासी शाळांतून आलेली आहे. तेथे कुल म्हणजे खरोखरच राहण्याचे घर असे, आणि कुलप्रमुख त्या घरातच राहत असे. दिवसशाळेत आल्यावर त्यातील घर गेले आणि स्पर्धा तेवढी राहिली. खेळांचे सामने, परिपाठाची पाळी, भित्तिफलकाची सजावट ह्यांसाठी कुल उपयोगी पडते. मुलाच्या घरी काय घडले हे कळण्यासाठी ते उपयोगी पडत नाही. बदलीच्या नोकरीतील पालकांच्या मुलांना नव्या शाळेत ओळखीचे कुल मिळावे हा त्याचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. राज्य मंडळाच्या शाळांनी कुलपद्धती उचलली तेव्हा बहुतेक ठिकाणी रंग व घोषणा उचलल्या गेल्या.

तेव्हा मुख्य भार वर्गशिक्षकावर येतो. त्याची नेमणूक जून महिन्यात होते. मुख्याध्यापक व पर्यवेक्षक वेळापत्रक बसवितात आणि ज्या शिक्षकाचा त्या तुकडीवर रोज तास पडतो अशाकडे, म्हणजे भाषा, गणित किंवा इंग्रजीच्या शिक्षकाकडे, वर्ग सोपवितात. चित्रकला व शारीरिक शिक्षण ह्यांचे शिक्षक सहसा वगळले जातात. वास्तविक मुलाचा स्वभाव मैदानावर व कागदावर जितका प्रकट होतो तितका भूमितीच्या प्रमेयात होत नाही. ज्या शाळांतून गुणानुक्रमे तुकड्या पाडल्या जातात, तेथे 'अ' तुकडीचा वर्गशिक्षक होणे हा मान समजला जातो, आणि ज्या तुकडीला जाणत्या शिक्षकाची सर्वांत अधिक गरज असते ती नवख्याच्या वाट्याला येते. ह्या प्रथेचे समर्थन निकालाच्या टक्केवारीशिवाय दुसऱ्या कशानेही करता येणार नाही.

पहिली तासिका वर्गशिक्षकाची असते. शाळांच्या बोलीत ज्याला 'कॅटलॉग' म्हणतात तो हजेरीपट उघडला जातो, क्रमांक पुकारले जातात, 'यस सर', 'यस बाई' असे उत्तर येते. त्यानंतर रजाचिठ्ठ्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार क्रमांकातील चुका, खेड्यांतील मुलींसाठी असलेल्या अहिल्याबाई होळकर मोफत प्रवास योजनेच्या पासांची यादी, सहलीचे पैसे आणि मग धडा. १९५९ साली मुंबई राज्यात आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना फीची सवलत सुरू झाली, तेव्हापासून उत्पन्नाचे दाखले जमविण्याचे काम वर्गशिक्षकाच्या मागे लागले. पुढे २०१५ साली 'सरल' ही संगणकीय नोंदप्रणाली आली आणि कामाचे माध्यम तेवढे बदलले. ह्या सर्वांस किती वेळ जातो ह्याचा साधा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. एका नावास तीन सेकंद धरले तरी साठ मुलांच्या तुकडीस तीन मिनिटे लागतात. इतर कामांसह हा वेळ दररोज आठ मिनिटे धरला, आणि शिक्षणहक्क अधिनियमाच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी सांगितलेले २२० दिवस घेतले, तर वर्षाकाठी १,७६० मिनिटे होतात. चाळीस मिनिटांच्या चव्वेचाळीस तासिका. जपानच्या उच्च माध्यमिक शाळेत गटकार्याची साप्ताहिक तासिका वर्षातून पस्तीस वेळा, प्रत्येकी पन्नास मिनिटांची धरली जाते. तिची बेरीज १,७५० मिनिटे येते. रोजच्या सकाळ-सायंकाळच्या छोट्या बैठका तेथे ह्याहून वेगळ्या असतात, हे खरे. तरीही जो वेळ आपल्याकडे 'नाही' असे म्हटले जाते तो खर्च होतच असतो. फक्त तो विषयाच्या तासातून तुकड्यातुकड्यांनी, कोणाच्याही नावावर न पडता खर्च होतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात खानदेशातील शाळा सकाळच्या होतात व तासिका आखूड पडतात, त्या वेळी तर पहिल्या विषयाची स्थिती केविलवाणी होते.

आता हजेरीपटाचेच पाहू. ह्या दस्तऐवजाचे दोन वाचक आहेत. एक वाचक शासन. तुकड्यांची व शिक्षकांच्या पदांची संख्या संचमान्यतेत ठरते आणि संचमान्यता पटावर अवलंबून असते. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ह्या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली व पटावर असलेली पण वर्गात नसलेली मुले मोठ्या संख्येने उघडकीस आली. तेव्हापासून हजेरीपटाकडे पुराव्याचा कागद म्हणून पाहण्याची दृष्टी बळावली, आणि ती अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की हजर मुलांची संख्या हीच पटाची मुख्य बाब ठरली. दीर्घकाळ गैरहजर असलेल्या मुलाचे नाव कमी करावे तर पट घसरतो, ठेवावे तर खोटेपणाचा दोष येतो. ह्या कात्रीत सापडलेला वर्गशिक्षक ते मूल का येत नाही ह्या तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोहोचण्यापूर्वीच थकून जातो.

दुसरा वाचक स्वतः वर्गशिक्षक असावयास हवा. पटावरील गैरहजेरीच्या खुणा आडव्या न वाचता एकेका नावापुढे महिनोमहिने वाचल्या तर त्यांतून आकृती दिसू लागतात. दसरा-दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की काही नावांपुढे सलग आठ-पंधरा दिवसांची पोकळी पडते; ती मजुरीची पोकळी होय. आठवडी बाजाराच्या दिवशीच नेमका चुकणारा मुलगा वडिलांच्या हातगाडीवर किंवा दुकानावर असण्याचा संभव असतो. दर शनिवारी न येणाऱ्या मुलाची अडचण कदाचित सकाळच्या एस. टी. ची असते. अधूनमधून एकेक दिवस गैरहजर राहणारी, पूर्वी नियमित असलेली मुलगी ही ह्या सर्वांत काळजीची खूण. शाळेत स्वच्छतागृह नीट नसणे, घरी आजारी माणूस असणे, वाटेत कोणी त्रास देणे, अथवा घरात तिच्या लग्नाची बोलणी चाललेली असणे ह्यांपैकी काहीही तिच्यामागे असू शकते. खुणा एकच कारण सांगत नाहीत. त्या फक्त कोणाकडे चौकशी करावयाची हे सांगतात. आणि साठ मुलांत चौकशी कोठून सुरू करावी हे कळणे, हेच निम्मे काम होय.

ह्या चौकशीस आता कायद्याचीही किनार आहे. शिक्षणहक्क अधिनियम २००९ च्या चोविसाव्या कलमान्वये पालकांना नियमित भेटून मुलाची उपस्थिती व प्रगती ह्यांची कल्पना देणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरले आहे. बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ मध्ये संमत झाला. महाराष्ट्रातील खेड्यांसाठी ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंध अधिकारी नेमण्यात आले आहे, आणि १०९८ ह्या दूरध्वनी क्रमांकावर कोणालाही खबर देता येते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम ह्याच्याही पुढे जातो: अशा अपराधाची माहिती झालेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे त्याच्या एकोणिसाव्या कलमाने बंधनकारक केले आहे. जुन्या पिढीतील वर्गशिक्षक मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मनात ठेवी व त्यातच आपल्या पदाची शोभा मानी. ती शोभा आता ह्या एका बाबतीत मोडली आहे, व ते योग्यच झाले. पण मुलीने काही सांगितल्यास शिक्षकाने तिला काय म्हणावे, कोणते वचन देऊ नये, कोणास सोबत घ्यावे ह्याचे शिक्षण अध्यापक महाविद्यालयात कितीसे मिळते, हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या विभागांनी स्वतःस विचारण्याजोगा आहे.

खानदेशात ह्या विषयावर बोलताना साने गुरुजींचे नाव घेतल्यावाचून गत्यंतर नसते. १९२४ ते १९३० ह्या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे आवरणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे ही कामे ते स्वतः करीत. छात्रालयासाठी हस्तलिखित दैनिकही त्यांनी चालविले. शिक्षक-पालकाचा आदर्श म्हणून हे उदाहरण सर्वत्र दिले जाते. मात्र देणारे एक गोष्ट विसरतात. गुरुजींना मुले कळली ती छात्रालयामुळे. रात्री कोण रडतो, कोणाला घरचे पत्र येत नाही, कोण जेवणावरून उठतो हे त्यांना दिसत होते, कारण ते तेथेच राहत होते. पन्नास-साठ मुलांची तुकडी, दिवसाला सहा तास आणि दरवर्षी बदलणारा वर्ग ह्या अटींवर तोच जिव्हाळा एखाद्या शिक्षकाकडून मागणे म्हणजे साधन काढून घेऊन फळाची अपेक्षा करणे होय. गुरुजींच्या अंगचा गुण शासननिर्णयाने निर्माण करता येणार नाही. सहवासाची मुदत मात्र वेळापत्रकाने वाढविता येते.

आयोगांनी ह्या दिशेने थोडेफार सांगून ठेवले आहे. १९५२ साली नेमलेल्या मुदलियार आयोगाने वर्गात तीस मुले असणे इष्ट व चाळीसहून अधिक कधीही नसावीत असे म्हटले. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात मार्गदर्शन हे शिक्षणाचे अंगच मानले आणि किमान व्यवस्था म्हणून दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक सुचविला. साधी कामे शिक्षकांनी करावीत अशी त्याची योजना होती. प्रत्यक्षात मार्गदर्शन ह्या शब्दाचा अर्थ दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी एवढाच उरला. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी राज्यभर घेण्यात आली तीही ह्याच अर्थाने. वेचणीच्या दिवसांत शाळा सोडणारे मूल त्या चाचणीपर्यंत पोहोचतच नाही.

सहवासाची मुदत वाढविण्याचा एक मार्ग खर्चाचा नाही: वर्गशिक्षकाने तुकडीबरोबर वर जावे. आठवीत ज्याच्याकडे वर्ग आला त्याच्याकडेच तो नववीत व दहावीत राहावा. १९१९ साली रुडॉल्फ स्टायनर ह्यांनी स्टुटगार्ट येथे काढलेल्या शाळेत एकच वर्गशिक्षक आठ वर्षे मुलांसोबत राही. तीन वर्षांची मागणी त्या मानाने माफक आहे. ह्यावर आक्षेप येतात व ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. दहावीचा विषय शिकविण्याचा अनुभव सर्वांना नसतो, आणि मंडळाच्या परीक्षेच्या निकालाकडे पाहून मुख्याध्यापक ठराविक शिक्षकच दहावीस देऊ इच्छितात. त्याहून गंभीर आक्षेप असा की ज्या मुलाचे व वर्गशिक्षकाचे जमले नाही त्या मुलाला तीन वर्षे सुटका नाही. म्हणून वर्गशिक्षकाखेरीज आणखी एका शिक्षकाचे किंवा शिक्षिकेचे नाव मुलांना निवडू द्यावे. मुलींच्या बाबतीत तर ते अनिवार्य समजावे. विषयाची अडचण मात्र वाटते तितकी मोठी नाही, कारण वर्गशिक्षकाने त्या तुकडीस कोणता तरी एक विषय शिकविला म्हणजे पुरे. तो गणितच असला पाहिजे असे नाही.

दुसरा मार्ग सांडणारा वेळ एकत्र करण्याचा. फी, पास व अर्ज ह्यांची कामे लेखनिकाकडे ठराविक दिवशी द्यावीत, हजेरी वर्गनायकाच्या मदतीने खाली मान घालूनच पुरी करावी आणि वाचलेल्या वेळातून आठवड्याची एक तासिका तुकडीच्या नावावर वेळापत्रकात छापावी. छापणे महत्त्वाचे, न छापलेली तासिका शिक्षक रजेवर असलेल्या दुसऱ्या वर्गाकडे जाते. त्या तासिकेत उपदेश करू नये. मुलांचे आपसांतील बोलणे ऐकणे, दोन-तीन मुलांशी बाजूस बोलणे, आणि न आलेल्यांच्या घरी त्याच गल्लीतील किंवा खेड्यातील कोण जाईल हे ठरविणे एवढे झाले तरी चालेल. मूल शाळेत परत आणण्याच्या कामी तुकडीतील सोबत्याचा निरोप पुष्कळदा शाळेच्या पत्राहून आधी पोहोचतो.

मूल परत आले नाही, तर शेवटचा कागद निघतो तो शाळा सोडल्याचा दाखला. त्यात अभ्यासातील प्रगती व वर्तणूक ह्यांचे रकाने असतात, आणि त्यांखाली शाळा सोडण्याचे कारण. पहिल्या दोहोंपुढे बहुधा 'चांगली' असे लिहिले जाते व तिसऱ्यापुढे 'पालकांच्या विनंतीवरून'. खरे कारण बहुतेक वेळा वर्गशिक्षकास ठाऊक असते. दाखला तयार करताना ते त्याला विचारण्याची पद्धत नाही, आणि त्याने सांगितले तर ते लिहून ठेवावयाची वहीही शाळेत नसते.